बाईंचे एकच वाक्य

कपडे धुण्याची पावडर चांगली की वाईट हे पावडरीला विचारू नये, धुणारीच्या हातांना विचारावे, असा बाईंचा नियम होता. आणि त्या कारखान्यात बाईंचा नियम म्हणजे दगडावरची रेघ. चौतीस वर्षांपूर्वी घरामागच्या पत्र्याच्या छपरात, एका लोखंडी टबात फावड्याने सोडा कालवून त्यांनी हा व्यवसाय सुरू केला होता. यजमान शाळामास्तर, स्वभावाने गरीब, प्रकृतीने त्याहून गरीब. ते गेले तेव्हा थोरली मुलगी अकरा वर्षांची होती आणि धाकटा मुलगा सहा वर्षांचा. बाईंनी डोळे पुसले आणि तेराव्या दिवशी पुन्हा फावडे हातात घेतले. पुढे छपराची शेड झाली, टबाच्या जागी मोठा मिक्सर आला, पण नियम बदलला नाही. एका वेळी मिक्सरमधून निघणारा माल म्हणजे एक घाणा. प्रत्येक घाण्यातली पावडर घेऊन पॅकिंगमधल्या तिघी बायका उघड्या हातांनी बादलीभर कपडे धूत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाईंच्या टेबलासमोर तळवे पसरून उभ्या राहत. बाई चष्मा लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघत. कातडी लाल दिसली की घाणा परत मिक्सरमध्ये.

"बाई, आमच्या नवऱ्यांनीसुद्धा आमचे हात एवढे निरखून कधी बघितले नाहीत," असे पॅकिंगची मुकादमीण म्हणे. तिच्या आवाजामुळे सगळे तिला फौजदारीण म्हणत.

"तुझ्या नवऱ्याला पावडर विकायची नाही," बाई म्हणत. "मला विकायची आहे."

थोरली रसायनशास्त्र शिकली आणि दुसरीकडे कुठेही न जाता सरळ आईच्या कारखान्यात आली. प्रयोगशाळा म्हणजे मिक्सरशेजारची दहा फुटी खोली; एक ओटा, एक तराजू, चार बरण्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला तिचा पांढरा कोट. त्या खोलीत चौदा वर्षे खपून तिने सोडा निम्म्यावर आणला. तिच्या पावडरीला फेस कमी येई, पण कपडा स्वच्छ निघे आणि हात शाबूत राहत. "फेस हा नुसता देखावा असतो आई," ती सांगे, "मळ काढणारं दुसरंच असतं." धाकटा विक्री बघे. तो गोडबोल्या, चार माणसांत रमणारा. बाईंनी मनाशी पक्के केले होते, आणि दोघांनाही बजावून ठेवले होते, की या वर्षाअखेर आपण उठायचे आणि आपल्या खुर्चीवर थोरलीने बसायचे. माल करणारा मालक, विकणारा त्याचा उजवा हात. धाकट्याने मान डोलावली होती. थोरली मात्र त्या दिवसापासून खुर्चीकडे न बघता खोलीतून जायला लागली, आणि ते बाईंच्या नजरेतून सुटले नव्हते.

अशात दुसऱ्या एका बड्या पावडरीच्या जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या आणि दुकानांतल्या फळ्यांवरून बाईंचे पुडे मागे सरकू लागले. धाकट्याने एका जाहिरातवाल्याला आणले. डोळ्यांवर एक चष्मा, डोक्यावर दुसरा.

"बाई, गोष्ट अशी," तो म्हणाला. "कोटातला पुरुष सांगतो, घरातली सून ऐकते, आणि सासू हसते. सासू हसली की माल खपला."

"आणि रडली तर?"

"मग ती मालिका झाली, जाहिरात नाही."

बाई हसल्या. थोरली हसली नाही. "पावडर बनवते बाई, कारखाना चालवते बाई. मग कोटात पुरुष कशाला?"

"ताई, तुमचं खरं आहे," जाहिरातवाला अगदी सौजन्याने म्हणाला. "पण तुम्ही आतलं माणूस. आतलं माणूस आतच शोभतं. लोकांनी वर्षानुवर्षं जे पडद्यावर बघितलंय तेच त्यांना खरं वाटतं. आपण त्यांना शिकवायला गेलो तर ते दुसरा पुडा घेतात."

मग त्याने बाईंकडे रोखून बघितले, डोळ्यांवरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला आणि म्हणाला, "सासू मात्र मी बाहेरून आणणार नाही. हा चेहरा मला शोधून मिळणार नाही."

त्या चेहऱ्याला चौतीस वर्षांत कोणी चेहरा म्हटले नव्हते. लोक त्याला घाबरत, इतकेच. बाई शहाण्या होत्या, हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि तरीही त्या चढल्या. मालाचा प्रश्न आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. ते खोटेही नव्हते.

चित्रीकरण एका गोदामात झाले. तिथे स्वयंपाकघर उभारले होते. बाईंनी नळ सोडून पाहिला, पाणी नव्हते. ओट्याला मोरी नव्हती. बादलीतला फेस दाढीच्या साबणाचा होता, कारण त्यांच्या पावडरीचा फेस कॅमेऱ्याला पुरेना. शास्त्रज्ञाचे काम करणाऱ्या नटासाठी आणलेला कोट त्याच्या पोटावर बसेना, तेव्हा कोणीतरी थोरलीच्या अंगावरचा मागितला. ती उंच होती, खांद्यांनी रुंद. तिने मुकाट्याने काढून दिला. नटाला तो बेतल्यासारखा बसला.

बाईंना एकच वाक्य होते. शिकलेली सून नवऱ्याचा शर्ट वाळत घालते, शर्ट चमकतो, आणि सासू कौतुकाने म्हणते, "बाईचं शिक्षण शेवटी शर्टावर दिसतं हो!"

वाक्य वाचून थोरलीने आईकडे पाहिले. "हे तू म्हणणार?"

"नाटकातलं आहे ते. नाटकात राक्षसाचं काम करणारा काय घरी माणसं खातो?"

पण वाक्य जमेना. सोळा वेळा बाईंनी ते म्हटले आणि सोळा वेळा ते हुकुमासारखे बाहेर पडले. सून झालेली पोर दर वेळी दचके. अखेर दिग्दर्शक जवळ येऊन उकिडवा बसला. "बाई, पाठ म्हणू नका. मनात खरं माणूस आणा. जिला हे सांगावंसं वाटतं, पण सांगितलं नाही कधी, अशा कुणाला तरी सांगा."

सतराव्या खेपेला बाईंनी नजर उचलली. दिव्यांच्या पलीकडे, अर्धवट अंधारात थोरली कोटाविना हाताची घडी घालून उभी होती. वय अडतीस. दोन चांगली स्थळे तिने स्वतः परतवली होती. आजारात उशाशी बसायला कोणी नसेल, हा विचार बाईंनी वर्षानुवर्षे घशातच अडवून धरला होता. तो त्या क्षणी सुटला. वाक्य बाईंच्या तोंडून लोण्यासारखे आले. माया, कीव, उपदेश, सगळे त्यात होते. शेवटच्या 'हो'वर आवाज किंचित कापला.

"हेच! हेच पाहिजे होतं!" दिग्दर्शक ओरडला. गोदामभर टाळ्या झाल्या.

थोरलीनेही ते ऐकले होते, आणि कोणाला सांगितले तेही पाहिले होते. नटाने परत दिलेल्या कोटाच्या कॉलरवर रंग लागला होता. तो तिने रुमालाने पुसला आणि गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर ती फक्त हवेविषयी बोलली.

जाहिरात लागली आणि बाई महिनाभरात घराघरांत पोचल्या. दवाखान्यात बसल्या असताना परक्या बायका उठून जागा देऊ लागल्या. भाजीवाला वजनात चार मिरच्या वर टाकी आणि म्हणे, "सासूबाई, आमच्या हिलाही जरा सांगा की!" एका शाळकरी मुलीने रस्त्यात थांबवून ते वाक्य अगदी त्यांच्याच सुरात म्हणून दाखवले, शेवटच्या कापऱ्या 'हो'सकट. बाईंनी तिच्या गालाला हात लावला. घरी आल्यावर त्या आरशासमोर जरा जास्त वेळ थांबू लागल्या. केसांचा अंबाडा जाहिरातीत बांधला होता तसा बांधू लागल्या. म्हातारपणी मिळालेले कौतुक उन्हात वाळलेल्या लाकडासारखे असते. ठिणगी पडायचा अवकाश.

पुडे पुढे सरकले. आणि त्यांच्या पाठोपाठ तक्रारी आल्या. टीव्हीवर बादली उतू जाते, घरच्या बादलीत फेस का नाही?

धाकटा थेट आईच्या खोलीत आला. थोरली तिथेच होती.

"फेस वाढवायचा," तो म्हणाला. "सोडाही. ताई, जाहिरातीत दाखवलंय ते द्यायला नको?"

"जाहिरातीत दाढीचा साबण दाखवलाय. तो घालू?"

"चेष्टा नको."

"चेष्टा मी सुरू केली नाही. सोडा वाढला की हात फुटतात. रोज धुणाऱ्या बाईचे आठ दिवसांत फुटतील."

"आई, तू सांग."

बाई म्हणाल्या, "एक घाणा करून बघू. हात ठरवतील."

घाणा झाला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिघींनी तळवे पसरले. हातच्या कांकणाला आरसा कशाला; चष्मा न लावताही दिसत होते. बेचक्या लाल, आणि फौजदारिणीच्या अंगठ्याजवळ कातडीला बारीक चीर. त्याच वेळी धाकटा तीन मोठ्या विक्रेत्यांना घेऊन आत आला. मालाविषयी खात्री करून घ्यायला ते आले होते. थोरलीने त्यांना तिथल्या तिथे समजावून दिले: फेस का नको, सोडा किती, कातडीचे काय होते. ती चांगले बोलली. मोजके आणि स्वच्छ.

तिघांपैकी जाड्या विक्रेत्याने शांतपणे ऐकून घेतले आणि इकडेतिकडे पाहिले. "बरोबर आहे ताई. पण ते कोटातले साहेब आज नाही आले का? त्यांच्याकडून एकदा ऐकलं असतं तर बरं झालं असतं."

"ते नट आहेत. पावडर मी बनवते."

"असं का?" तो म्हणाला, आणि हसून बाईंकडे वळला. "मग बाई, ताईंचं शिक्षण शर्टावर कधी दिसायचं?"

सगळे हसले. बाईही हसल्या.

ते हसू त्यांनी ठरवून हसलेले नव्हते. स्वतःचे वाक्य परक्याच्या तोंडून ऐकल्याचा आनंद आधी आला, अर्थ मागून आला, आणि तोवर उशीर झाला होता. फौजदारिणीने पसरलेले तळवे हळूच मिटून घेतले. धाकट्याने ती संधी साधली. "आई, हा घाणा जाऊ दे ना. एवढे लोक थांबलेत." आणि बाई विक्रेत्यांसमोर वाद नको म्हणून म्हणाल्या, "या खेपेला जाऊ दे."

चौतीस वर्षांत असे पहिल्यांदा घडले.

संध्याकाळी थोरली घरी आली ती उभ्यानेच बोलली. "मी या महिनाअखेर जाणार. एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचं काम आहे. बरण्या धुणं, कपाटं लावणं. पण तिथे मला कोणी विचारणार नाही की साहेब कुठेत."

"वेडी आहेस का? कारखाना तुझा आहे. खुर्ची तुला द्यायची ठरलीय."

"ठरलंय तुझ्या मनात. आई, मला नको सांगूस. मला माहीत आहे. त्यांना सांग."

"कोणाला?"

"ज्यांच्यासमोर हसलीस त्यांना."

रात्रभर बाई पडल्या पडल्या स्वतःचा ताळेबंद मांडत राहिल्या आणि पहाटे त्यांचे ठरले. पुढच्या आठवड्यात सगळ्या विक्रेत्यांचा मेळावा होता. तिथे, सगळ्यांसमक्ष, त्या थोरलीला खुर्ची देणार. फेस कमी आणि हात शाबूत, हेच आपल्या पावडरीचे मोठेपण, हे सांगणार. वाक्य खोटे होते, हेही सांगणार. त्यांनी फोन करून थोरलीला सांगितले, "तू फक्त ये."

"येते," ती म्हणाली. आणि मग, "कोट घालून येऊ?" तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी काहीतरी हलले होते.

मेळाव्याला दोनशे माणसे होती. व्यासपीठावर बाईंचाच पुरुषभर उंच फोटो, हसऱ्या सासूचा. थोरली मागच्या दाराशी उभी होती, पांढऱ्या कोटात. बाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या तशी सभागृहात शिट्टी वाजली. त्यांनी हात वर केला. शांतता झाली.

"मी सासू नाही," बाई म्हणाल्या.

एकच हशा पिकला. पुढच्या रांगेतून कोणी ओरडले, "वा! सुरुवातच जोरात!"

"हसू नका. हा कारखाना मी एका टबात सुरू केला, या हातांनी. तुम्ही विकता ती पावडर माझ्या मुलीने बनवलीय, चौदा वर्षं खपून. कोटातला माणूस नट आहे. त्याला सोडा कशाशी खातात हे ठाऊक नाही."

टाळ्या. बाई थांबल्या. टाळ्या संपल्यावर त्यांनी आवाज चढवला. याच आवाजाने मिक्सरवरची माणसे थरथरत. "आजपासून या कारखान्याची मालकीण माझी थोरली लेक आहे. ती सांगेल तोच माल निघेल."

टाळ्या दुप्पट झाल्या. जाडा विक्रेता शेजाऱ्याला म्हणाला, आणि ते व्यासपीठावर ऐकू आले, "काय बोलते हो म्हातारी! हिला मालिकेतच घ्यायला पाहिजे." जाहिरातवाला खाली उभा राहून धाकट्याला उत्साहाने सांगत होता, "पुढची जाहिरात हीच! कडक सासू, मनाने हळवी!" दोनशे माणसांत थोरलीकडे मान वळवून बघणारा एकही नव्हता. मालकीण कोण हे सांगितल्यावर माणसे मालकिणीला शोधतात. इथे कोणी शोधत नव्हते, कारण सांगितलेले कोणी ऐकलेच नव्हते. ते बाईंचा अभिनय बघत होते.

"ऐका," बाई म्हणाल्या. "मी खरं बोलतेय."

"वाक्य! वाक्य!" मागून गलका सुरू झाला. "बाई, एकदा वाक्य होऊन जाऊ द्या!" पायांचा ताल धरला गेला. बाईंनी हात वर केला, कोणी थांबेना. त्यांनी दरडावले, त्यालाही टाळ्या पडल्या. चौतीस वर्षे ज्या आवाजावर कारखाना चालला, त्याला आता कोणी भीत नव्हते. तो सगळ्यांच्या आवडीचा झाला होता. धाकटा कानाशी येऊन पुटपुटला, "म्हणून टाक आई. शांत होतील, मग तुला काय सांगायचं ते सांग."

बाईंना ते पटले. एकदा म्हणावे, सभा गप्प करावी, आणि मग ठणकावून सांगावे, एवढाच त्यांचा हिशोब होता. त्या म्हणाल्या. दोनशे कंठांनी त्यांच्याबरोबर ते वाक्य म्हटले, आणि जल्लोषात खुर्च्या सरकल्या, माणसे उठली. मेळावा संपला असे सर्वांनी धरले. जेवणाच्या दालनाची दारे उघडली. बाई ध्वनिक्षेपकात "थांबा" म्हणाल्या, पण धाकट्याने तो बंद करवला होता. की तो आपोआप बंद झाला होता, ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

थोरली त्यांना बाहेर पायऱ्यांवर भेटली. रागावलेली दिसत नव्हती, आणि बाईंना नेमकी त्याचीच भीती वाटली.

"मी सांगितलं," बाई म्हणाल्या. "तू ऐकलंस ना? सगळं सांगितलं मी."

"ऐकलं."

"ते मूर्ख आहेत. मी पुन्हा सांगेन. एकेकाच्या दुकानात जाऊन सांगेन."

"तिथेही ते वाक्य मागतील आई." थोरलीने आईच्या दंडाला हात लावला, आजाऱ्याला लावावा तसा. "तू आज मनापासून बोललीस, ते मला दिसलं. पण त्या दिवशी गोदामातही तू मनापासूनच बोलली होतीस. त्या दोन्हीतलं लोकांना कुठलं खरं वाटलं, ते तूच बघितलंस."

"ते... मला तुझी काळजी होती म्हणून."

"माहीत आहे. म्हणून तर मला काही बोलता येत नाही." ती दोन पायऱ्या उतरली. "फौजदारिणीच्या हाताला मलम लाव. आणि तिला थोडे दिवस पाण्यात हात घालू देऊ नकोस."

"तू उद्या येणार आहेस ना?"

थोरलीने मान हलवली. नकारार्थी, पण इतकी हळू की बाईंना ती दोनदा बघावी लागली. मग ती रस्ता ओलांडून गेली. बाईंना हाक मारायची होती. आयुष्यभर त्यांनी माणसांना हुकूम देऊन बोलावले होते. विनवून बोलावण्याचा आवाज त्यांच्यापाशी कधी नव्हताच. तो आज शोधायला गेल्या, तर हाताला सासूचाच आवाज लागला.

"सासूबाई!" मागून कोणी म्हणाले. एका विक्रेत्याची बायको होती, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. "एक फोटो काढू द्या ना. ही रसायनशास्त्र शिकतेय, पण घरात काडी हलवत नाही. जरा डोक्यावर हात ठेवा हिच्या, अक्कल येईल."

मुलगी लाजून शेजारी उभी राहिली. बाईंना तिला पुष्कळ सांगायचे होते. त्यांनी तोंड उघडले, पण मोबाइल समोर धरलेला होता, आणि ओठ आपल्याच मनाने दोन्ही बाजूंना ताणले गेले. बाईंनी ते आवरून पाहिले. आवरले नाहीत.

"छान," मुलीची आई म्हणाली. "अगदी टीव्हीतल्यासारख्या. अजून एक."